तेलातली लिली

कापडवाल्यांच्या मंडळीच्या दारावर समारंभाला लावायची ती ओकची मोठी फळी दोन हमालांनी चितारी ऑस्टिन पेकच्या कारखान्यात आणून टेकवली, आणि मागोमाग मंडळीचे कारभारी मास्टर लवेल आत आले.

"काय पेक, ओळखलंस का हिला?" ते म्हणाले. "गरुड पुसून टाक आणि लिली काढ. फ्रान्स परत आपला सोयरा झालाय. मंगळवारी त्यांच्या राजाचे वकील आपल्या दारावरून जाणार."

"लिली?" ऑस्टिनने विचारलं.

"लिलीच. बहिरा झालास का? या वेळचा तह कायमचा आहे म्हणे."

लवेल हसत निघून गेले. ऑस्टिन फळीजवळ गेला. पाच वर्षं ज्या एका कामाची वाट बघितली, ते आज दारात आलं होतं, आणि विचारायचा तो एकच प्रश्न विचारायची त्याला हिंमत झाली नव्हती.

राजाचं सगळं राजकारण ऑस्टिनने त्या फळीवर पाहिलं होतं. नऊ वर्षांपूर्वी राजाने सगळ्या ख्रिस्ती राजांना लंडनमध्ये तहाच्या एका कागदावर एकत्र आणलं, तेव्हा केवढी कॉलर ताठ झाली होती एकेकाची! राजाची दोन वर्षांची लेक फ्रान्सच्या तान्ह्या राजपुत्राला देऊन टाकली, आणि ऑस्टिनने या फळीवर लिली काढल्या. लिलींच्या मधोमध शांतिदेवी हवी होती. त्याने आपल्या बायकोचाच चेहरा काढला. पेरीन फ्रान्समधल्या रुआँ गावची, चिताऱ्याचीच मुलगी. रंग तीच घोटायची.

"फुलं पाण्यातल्या रंगात काढलीस ते ठीक," ती तेव्हा म्हणाली होती, "पण माझं तोंड तेलात काढ बाबा. मी काय पुसायची वस्तू आहे?"

डिंक घातलेला पाण्यातला रंग ओल्या फडक्याने निघतो. तेलातला रंग लाकूड आहे तोवर निघत नाही. हे चिताऱ्यांना माहीत असतं, राजांना माहीत असायचं कारण नाही.

चार वर्षांत ती सोयरीक फिसकटली. तीच लेक फ्रान्सच्या वैऱ्याला, बावीस वर्षांच्या सम्राटाला देऊ केली आणि फ्रान्सशी लढाई पुकारली. फळीवर लिली आणि पेरीन झाकत सम्राटाचा दुतोंडी गरुड आला. गल्लीत शिपाई फ्रेंचांची नावं लिहून नेऊ लागले. कालपर्यंत पेरीनकडून पाव मागून नेणाऱ्या बायका तिला बघून खिडक्या लावू लागल्या. एका सकाळी कुणीतरी खिडकीवर वीट मारली, तिच्या वाटीतला निळा रंग भिंतभर उडाला, आणि तिने गाठोडं बांधलं.

"मीही येतो," ऑस्टिन म्हणाला.

"म्हणजे तिकडे तुझ्यावर विटा? नको." धक्क्यावर तिने गाठोडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "घंटा वाजल्या, होळ्या पेटल्या, तरी मला बोलावू नकोस. घंटा काय, कशालाही वाजवतात. ज्या दिवशी तुला लिली तेलात काढायला सांगतील, त्या दिवशी निरोप धाड. मी येईन. आणि खोटं बोलायचं नाही हं."

राजाची फौज पॅरिसपासून पन्नास मैलांवर जाऊन थंडीत कुडकुडत, हात हलवत परत आली. पुढे सम्राटाने फ्रान्सच्या राजाला रणातच धरलं, तेव्हा लंडनच्या रस्त्यांत फुकट दारू वाटली, ऑस्टिनचा शेजारी पिऊन त्याच्या गळ्यात पडला आणि "जिंकलो रे पेक!" म्हणून रडला. सम्राटाने जिंकलेलं सगळं एकट्यानेच घशात घातलं आणि लग्न दुसरीशीच लावलं. आपला राजा बसला हात चोळत. ऑस्टिन दोन ताटल्या मांडायची सवय मोडायला शिकत होता.

त्याने बादली भरली आणि फळी पुसायला घेतली. गरुडाची पिसं आधी गेली, मग दोन्ही चोची. खालच्या जुन्या लिलीही पाण्याबरोबर वाहून गेल्या. शेवटी उघड्या लाकडावर एकटी पेरीन उरली, चोवीस वर्षांची, किंचित चिडलेली. ऑस्टिन तिच्यासमोर बादलीशेजारीच बसला आणि पोटभर रडला.

शनिवारी लवेल काम बघायला आले. त्यांनी चेहऱ्यावर अंगठा घासून पाहिला. "ही जात नाही वाटतं?"

"ती तेलात आहे, साहेब." ऑस्टिनने कुंचला उचलला. "फुलंही तेलातच काढू का? तह कायमचा आहे, तर रंगही..."

"वेडा की खुळा तू?" लवेल खो खो हसले. "पाण्यात काढ. उद्या परत गरुड लागला तर फळी काय नवीन आणायची?"

"पण कायमचा तह..."

"अरे, मागचाही कायमचाच होता!"

ऑस्टिनने पाण्यात काढल्या. काढताना मनात दुसरंच चाललं होतं. कोण येणार आहे रुआँहून फळीला ओलं फडकं लावून बघायला? एकच शब्द खोटा सांगायचा. ती यायची, दोन वर्षं, चार वर्षं राहायची. चार वर्षं काय कमी असतात?

मंगळवारी वकिलांची स्वारी गेली. रस्ता टोप्यांनी भरून गेला, घंटा वाजल्या. वकिलांच्या लवाजम्यात पेरीनच्या रुआँमधल्या गल्लीतला वासर नावाचा कापडवाला होता. तो फळीखाली थबकला, वर बघतच राहिला आणि मग गर्दीतून वाट काढत ऑस्टिनपाशी आला.

"पेक तुम्हीच ना? मोडक्यातोडक्यात बोलतो, राग मानू नका. पेरीन बरी आहे. वडिलांचा कारखाना बघते. केस पांढरे झालेत थोडे." त्याने वर बोट दाखवलं. "फुलं काय सुरेख काढलीत! तिने एवढंच विचारायला सांगितलंय, कशात काढलीत? गाठोडं बांधून ठेवलंय म्हणाली."

ऑस्टिनच्या जिभेवर शब्द तयार होता, तीन दिवस घोटलेला. समोरच्या खिडकीतून शेजारीण वकिलांवर फुलं टाकत होती. तीच खिडकी, तीच बाई, जिने पाच वर्षांपूर्वी पेरीनला बघून खिडकी लावली होती.

"पाण्यात," तो म्हणाला.

"एवढंच सांगू?"

"एवढंच. आणि गाठोडं सोड म्हणावं."

वासर मान हलवून स्वारीमागे गेला. ऑस्टिन फळीखाली उभा राहिला, संध्याकाळी हमाल ती उतरवायला येईपर्यंत.