समुद्रसिंहांचं गोत्र

अमेरिकेतल्या लेबर डेच्या, म्हणजे सोमवारला जोडून आलेल्या सुट्टीतला शनिवार. शरयूच्या हातात बर्फाचं खोकं होतं आणि त्यात कॅलिफोर्नियाच्या एका बेटावरच्या समुद्रसिंहांच्या पिल्लांचं रक्त. अख्खा उन्हाळा चावे खात, वाळूत लोळत तिने ते गोळा केलं होतं. समुद्रातला कुठला विषाणू त्या पिल्लांना लागून गेलाय का, हे त्यावरून कळणार होतं. आणि नेमका आजच लॅबच्या फ्रिजने राम म्हटला. दुरुस्तीवाला उगवणार मंगळवारी. तोवर बर्फाचा काय भरवसा? रक्त खराब झालं तर सगळी मेहनत पाण्यात, आणि बेटावर पुन्हा जायची परवानगी मिळेलच असं नाही.

घरी फ्रिज होता, पण त्यावर सध्या सासूबाईंचं राज्य. पद्मिनीबाई जूनमध्ये पुण्याहून आल्या होत्या. उद्या सत्यनारायण, त्यामुळे फ्रिज श्रीखंडाच्या पातेल्यांनी गच्च भरलेला. सोवळंओवळं एवढं कडक, की बिचारी अंडी आधीच गॅरेजमध्ये हद्दपार झाली होती. शरयूचा नवरा दिगंबर तर आईशी बोलायची वेळ येताच गाडीचं ऑइल बघायला पसार झाला.

शेवटी शरयूनेच एका दमात सगळं सांगून टाकलं. सासूबाई आधी खोक्याकडे आणि मग तिच्या मनगटावरच्या चाव्याला बांधलेल्या पट्टीकडे बघत राहिल्या. पिल्लं आजारी पडली तर औषध देता का, म्हणून त्यांनी विचारलं. आधी आजार कळायला हवा, त्यासाठीच हे रक्त, असं शरयू म्हणाली. बर्फ संध्याकाळपर्यंत टिकेल ना, हेही त्यांनी विचारून घेतलं.

"मग पूजा आजच करू," त्या म्हणाल्या. "देवाचं आटोपलं की फ्रिज तुझा."

तासाभरात फोनवरून सगळ्या मराठी मंडळींना फर्मान गेलं. संध्याकाळी हॉल भरला. गुरुजी कॅसेटमध्ये होते. संकल्पाला त्यांनी यजमानांचं नाव-गोत्र उच्चारायला सांगितलं, तसा सासूबाईंनी टेप थांबवला. दिगंबरचं आणि शरयूचं नाव झालं, तरी त्या टेप सुरू करेनात.

"त्या पिल्लांच्या आरोग्यासाठीही म्हणा," त्या म्हणाल्या. "गोत्र माहीत नसलं की काश्यप सांगतात. पण ती शरयूची आहेत, तेव्हा आपलंच सांगा."

दिगंबर हसू दाबत होता. शरयूने हातावरून पाणी सोडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वासिष्ठ."