शनिवारचा कंप्युटर

हर्ष दर शनिवारी जे. पी. नगरला येतो तो कंप्युटरसाठी, बापासाठी नव्हे, हे भीमसेनरावांना पक्कं ठाऊक होतं. बायको पद्मावतीबाई गेल्या आणि महिन्याभरात मुलानं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, ऑफिसजवळ व्हाइटफील्डला खोली घेतली. ट्रॅफिकचं कारण खरंच होतं; पण आईवाचून बापलेकांना बोलायला विषय उरला नव्हता, हे त्याहून खरं. मग हर्षनं गेम खेळायला कंप्युटर जुळवायचं काढलं. खोलीत पसारा मांडायला जागा नव्हती, म्हणून सुटे भाग बापाकडे आले. कंप्युटर चालता झाला की तिकडे न्यायचा, असं ठरलं होतं.

तो चालता होईना. गेम थोडा वेळ झकास पळायचा, मग चित्र अडखळायचं, रखडायचं. दोघांनी ग्राफिक्स कार्ड काढून पुन्हा बसवलं, रॅमच्या जागा बदलल्या, ड्रायव्हर नव्यानं घातले. प्रोसेसर फार तापतोय असं दिसलं तेव्हा आणखी एक पंखा लावला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. प्रोसेसर थंड ठेवणारा, त्याच्यावर बसवलेला कूलर तेवढा उघडला नाही. तो भीमसेनरावांनी स्वतः बसवला होता; अण्णांनी बसवलाय म्हणजे बरोबरच असणार, असं हर्ष म्हणे. कारखान्यात यंत्रं जुळवण्यात जन्म गेलेल्या माणसाला ते ऐकून बरं वाटे. शिवाय खटपट झाली की दोघं एकत्र जेवत, आणि कधी कधी पद्मावतीबाईंचं नावही निघे.

एका मंगळवारी सकाळी भीमसेनरावांनी एकट्यानंच कूलर काढला. त्याच्या तळाचं पारदर्शक प्लॅस्टिक तसंच होतं. प्रोसेसरची उष्णता वर पोचतच नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. या घरात नव्या वस्तूचं प्लॅस्टिक पूजेआधी निघत नसे. मिक्सर असो की स्कूटर, पद्मावतीबाई कुंकू लावत, दिवा ओवाळत आणि मगच प्लॅस्टिक स्वतः सोलून काढत. त्यांच्यामागे पूजा कुणी केली नाही, आणि प्लॅस्टिक काढायचं भीमसेनरावांच्या मनातही आलं नाही. ते खुर्चीत बसून रडले.

दोष गेला की कंप्युटर जाणार, आणि त्याच्याबरोबर शनिवारही. त्यांनी कूलर प्लॅस्टिकसकट परत बसवला.

त्या शनिवारी हर्ष गर्दीतून दमून आला आणि पुन्हा स्क्रू काढू लागला. आपणच चुकीचा भाग आणला असणार, असं पुटपुटत राहिला. पोरगं स्वतःला दोष देतंय हे बापाला बघवेना, तरी ते नुसते पेचकस पुढे करत राहिले. पुढच्या शनिवारी मात्र त्यांनी त्याचा हात धरला.

"स्वल्प थांब. कूलर काढ, दोष तिथं आहे. मला गेल्या आठवड्यातच कळलं होतं."

हर्षनं कूलर काढला, प्लॅस्टिक पाहिलं. "मग गेल्या शनिवारी का नाही सांगितलंत, अण्णा?"

भीमसेनराव टेबलावरचे स्क्रू गोळा करू लागले. हर्षनं प्लॅस्टिक सोललं, उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली. गेम कितीतरी वेळ पळाला, कुठे अडखळला नाही. बऱ्याच दिवसांनी मुलगा मोकळा हसला. मग त्यानं वायरी गुंडाळल्या, कंप्युटर चादरीत बांधला आणि कॅब बोलावली.

बापानं ते गाठोडं मागच्या सीटवर जपून ठेवलं, दार लावलं. गाडी सुरू झाली तेव्हा ते खिडकीशी वाकले. असलं काही बोलायचं काम घरात नेहमी पद्मावतीबाईंचं होतं.

"शनिवारी ये," ते म्हणाले. "काम काही नाही. नुसता ये."