आईच्या खुणांची विकी

चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात मी एकवीस वर्षं काढली आहेत. तिथे अर्धा मिलिमीटर चुकला तरी काच परत येते, त्यामुळे अंदाजपंचे काम करणाऱ्या माणसांशी माझं जमत नाही. माझा धाकटा भाऊ त्या जमातीचा मुकुटमणी आहे. तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, महिन्यातून दोनदा घरी उगवतो, ओला टॉवेल खुर्चीवर टाकतो आणि मीठ कुठे असतं म्हणून विचारतो. बेचाळीस वर्षांचा घोडा झालाय, तरी मी त्याला छोटूच म्हणते.

दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोकं मात्र शाबूत आहे, तिला सगळं कळतं. मान हलवून ती हो-नाही सांगते, पण त्यासाठी समोरच्यानं नेमका प्रश्न विचारायला हवा. पाणी देऊ का, खिडकी लावू का, असं करत करत खऱ्या प्रश्नापर्यंत पोचेस्तोवर तिचे डोळे भरून यायचे. मग ती डाव्या हातानं खुणा करायला लागली, आणि मी त्या लिहून ठेवायला लागले.

आधी वही होती. पण कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायला येणाऱ्या तंत्रज्ञानं मला विकी करून दिली. विकी म्हणजे आमच्या घरापुरतं एक छोटं जाळं. प्रत्येक खुणेचं एक पान. ‘तळहात उलटा’ हे पान उघडलं की अर्थ कळतो, कूस बदलायची आहे. त्यातल्या ‘कूस’ या शब्दावर बोट ठेवलं की उशा कशा लावायच्या त्याचं पान समोर येतं. घरी आईच्या पलंगाशी एक टॅब खिळ्याला टांगलेला असतो, त्यात बघून कुणीही तिचं करू शकतं. मी स्वतः लिहायचे फोनवर. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, दाताच्या डॉक्टरकडे ताटकळताना. लिहिलं की ‘जतन’ दाबायचं, आणि आपण डोळ्यांत तेल घालून आईचं करतोय या समाधानात पुढचा स्टॉप येईपर्यंत बसायचं.

मग माझ्या पित्ताशयातल्या खड्यांनी उचल खाल्ली. शस्त्रक्रिया करावीच लागेल, आठवडाभर तरी रुग्णालयात राहावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईकडे दिवसा एक मावशी येतात, पण संध्याकाळपासून पुढे कोण? छोटूनं आपणहून रजा काढली. मी त्याला पाऊण तास सूचना दिल्या आणि शेवटी बजावलं की विकीत सगळं आहे, तू डोकं चालवू नकोस, फक्त वाच. तो बरं म्हणाला. तो नेहमीच बरं म्हणतो.

शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. आई मूठ वळून छातीवर ठेवतेय, पण विकीत ‘मूठ’ नावाचं पानच नाही. मी म्हटलं, डोळे फुटलेत का तुझे, महिन्यापूर्वी लिहिलंय मी ते. थंडी वाजतेय तिला. त्यानं फोन खाली ठेवून आधी आईला पांघरूण घातलं, मग परत येऊन शांतपणे सांगितलं की पान खरंच नाही, आणि टॅबवरच्या माझ्या शेवटच्या पानाची तारीख तीन महिन्यांपूर्वीची आहे.

तीन महिन्यांपूर्वी मी नवीन फोन घेतला होता. जुन्या फोनवर लिहिलेलं आपोआप टॅबवर जायचं. फोन उघडून पाहिलं तर ‘जतन’च्या शेजारी एक वाकडा बाण होता, त्याच्याकडे मी आजवर ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ‘जतन’नं लिहिलेलं नुसतं फोनात राहतं. घरच्या टॅबवर जायला तो बाण दाबावा लागतो. तीन महिन्यांत लिहिलेली साठ-सत्तर पानं माझ्या पर्समध्ये फिरत होती आणि घरी कुणालाच त्यांचा पत्ता नव्हता. मावशींना मी सगळं तोंडी सांगत आले होते, त्यामुळे त्या टॅब बघायच्याच नाहीत. ज्याला खरी गरज होती तो मात्र चार दिवस चाचपडत होता.

मी तिथल्या तिथे बाण दाबला. फोननं विचारलं: ‘घरच्या प्रतीतही बदल झाले आहेत. कोणती ठेवायची?’ खाली तीन पर्याय होते. ही प्रत. ती प्रत. पानं बघून ठरवा.

घरच्या प्रतीत बदल? माझं टाळकंच सरकलं. छोटूला फोन लावला आणि चांगला फैलावर घेतला. तुला फक्त वाचायला सांगितलं होतं, लिहायला कुणी सांगितलं? आता एकाचं ठेवलं तर दुसऱ्याचं जाणार. पोटाला टाके होते म्हणून आवाज चढवता आला नाही, एवढंच.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तुझंच ठेव ताई. तुला आईचं जास्त कळतं. मी आपलं सुचेल तसं खरडलंय, गेलं तर गेलं.”

तो भांडला असता तर मी ‘ही प्रत’ दाबून मोकळी झाले असते. चार दिवसांच्या खरडण्याचं मला सोयरसुतक नव्हतं. पण तो भांडला नाही. मला माझीच लाज वाटली आणि मी तिसरा पर्याय दाबला.

डावीकडे माझं, उजवीकडे त्याचं, असं एकेक पान येऊ लागलं. ‘कूस’ पानावर माझ्या उशांचे कोन होते. त्यानं लिहिलं होतं: ‘उशी टोचते. टॉवेल गुंडाळून लावला, दोन तास झोपली.’ ‘रेडिओ’ पानावर मी लिहिलं होतं, बातम्या लावाव्यात. त्याचं: ‘बातम्या नको म्हणते. घाटात गाडी बंद पडलेली गोष्ट सांगितली, परत सांग म्हणाली.’ म्हणाली, असंच लिहिलं होतं पठ्ठ्यानं. मी दोन्ही ठेवत गेले. काही ठिकाणी नुसतं त्याचंच ठेवलं.

मग ‘बोट भुवयांमध्ये’ हे पान आलं. ही खूण मी स्वतः कधी पाहिली नव्हती, मावशींच्या सांगण्यावरून लिहिली होती. डावीकडे माझं: ‘डोकं दुखतंय. विचारत बसू नये, औषध टाळायला नाहीच म्हणते. साधी गोळी अर्धी द्यावी. हल्ली प्रमाण वाढलंय, डॉक्टरांना विचारणे.’

उजवीकडे त्याचं:

‘पहिला दिवस. अर्धी गोळी दिली. दहा मिनिटांनी परत बोट.

दुसरा दिवस. गोळी घेते पण बोट तेच. दाराकडे बघते.

तिसरा दिवस. विचारू नये लिहिलंय तरी विचारलं. डोकं दुखतं? नाही. उजेड लागतो? नाही. माझा राग आला? हसली. मग बोटानं परत भुवया दाखवल्या आणि दार दाखवलं. म्हटलं ताई? तर हो. कितीतरी वेळ हो हो करत होती.

ताईच्या कपाळाला आठी असते ना, ती. डोकं दुखत नाही. ताई कुठे आहे विचारते. ताई समोर असली की विचारायची गरज नाही, म्हणून ताईला माहीत नसणार. संध्याकाळी जास्त.

गोळी देऊ नये. ताई बरी आहे, रविवारी येते, असं सांगावं. जितक्या वेळा विचारेल तितक्या वेळा सांगावं.’

मी ते तीनदा वाचलं. आई रोज माझी चौकशी करत होती, आणि तिला विचारत बसू नका, गोळी द्या, असं मी लिहून ठेवलं होतं. हे मला आयुष्यभर कळलं नसतं. मी घरात असताना ती खूण होणारच नव्हती आणि मी नसताना ती वाचणारं कुणी नव्हतं. माझ्या अंदाजपंचे भावानं न सांगता प्रश्न विचारले म्हणून मला माझ्या आईनं ठेवलेलं माझं नाव कळलं. त्याचे उपकार कसे फेडायचे ते मला अजून सुचलेलं नाही.

त्या पानावरचं माझं सगळं पुसलं आणि त्याचं ठेवलं. उरलेली पानं संपवली, बाण दाबला आणि छोटूला सांगितलं की टॅबवर व्हिडिओ लाव आणि आईसमोर धर.

आई दिसली. केस नीट विंचरलेले, मानेखाली टॉवेलची गुंडाळी. रुग्णालयाच्या गाऊनमध्ये, विस्कटलेल्या केसांची मी तिला ओळखू येईना. ती छोटूकडे बघायला लागली. छोटू काही सांगणार, तेवढ्यात मी त्याला गप्प बस म्हटलं आणि माझं बोट माझ्या दोन भुवयांच्या मध्ये ठेवलं.

आई डाव्या बाजूनं हसली. मग तिनंही आपलं बोट तिथेच नेलं आणि मी दिसेनाशी होईपर्यंत ते काढलं नाही.