मीटरशिवायचा आकडा

वसईजवळच्या निर्मळ गावात हिलरीचे माड मेले नव्हते, पण त्यांची फळं लिंबाएवढी होऊन गळत होती. जी टिकायची ती खुरटलेली, तपकिरी, चिरा गेलेली. कृषी खात्याच्या माणसाने भिंगातून बघून सांगितलं, "हा कोळी, ही डोळ्यांना न दिसणारी कीड, पूर्वी आपल्याकडे नव्हती. बाहेरून आलीय म्हणतात. कुठल्या मालाबरोबर, ते आता कोण सांगणार?" चार वर्षांत निम्मे माड पाडावे लागले. शेवटी बावन्नाव्या वर्षी हिलरीने कामणजवळच्या एका गोदामात नोकरी धरली.

तिथून तिळाची पोती युरोपला जात. पोत्यांखाली लाकडी पॅलेट, म्हणजे फळ्या ठोकून केलेले चौथरे, असत, आणि त्या लाकडातून कीड परदेशी जाऊ नये म्हणून नुकताच नवा नियम आला होता. लाकूड भट्टीत तापवा, नाहीतर ताडपत्रीखाली चोवीस तास मिथाइल ब्रोमाइड गॅसमध्ये ठेवा, मग त्यावर शिक्का मारा. शिक्का नसेल तर कंटेनर परत. भट्टी महाग, गॅस स्वस्त. हा गॅस आकाशातला ओझोन खातो म्हणून श्रीमंत देशांनी आपल्या शेतांतून तो बंद करत आणला होता. मालाच्या लाकडासाठी मात्र त्यांना तो चालत होता.

"विषाचं काम कशाला घेता?" आल्बिनाने, त्याच्या बायकोने, विचारलं होतं.

"कुणीतरी तिकडे हे काम नीट केलं असतं तर आपले माड वाचले असते," हिलरी म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याने प्रशिक्षण घेतलं, परवाना मिळवला. वर्षभर एकही पॅलेट त्याने घाईत सोडलं नाही. ताडपत्री काढली की दोन्ही शटर उघडायची, हवेतला गॅस मोजणारा मीटर लावायचा, आकडा पाचाच्या खाली आला की वहीत लिहून सही करायची. तोवर आत कोणी जायचं नाही.

२००५च्या डिसेंबरात मीटर बिघडला. दुरुस्तीला पाठवला, तो पंधरा दिवस आलाच नाही. त्यात मागचं शटर पोत्यांच्या थप्पीने अडलं होतं, म्हणजे वारा आरपार जायला वाट नाही.

त्या सकाळी ताडपत्री काढून दोन तास झाले होते. सुपरवायझर श्रीरंग वही घेऊन आला. नालासोपाऱ्याला राहणारा, तिशीतला, स्वभावाने वाईट नव्हता.

"काका, सही करा. बाराला ट्रक निघाला नाही तर बोट चुकेल."

"मीटर नाही, श्रीरंग. संध्याकाळपर्यंत राहू दे."

"डोळे चुरचुरतायत का तुमचे?"

"नाही. पण चुरचुरले नाहीत म्हणजे गॅस गेला असं नसतं."

"मागच्या आठवड्यातही मीटर नव्हता. काय झालं? बोट चुकली तर पार्टी दुसरीकडे जाईल, मग तुम्ही पण घरी आणि मी पण."

हिलरीने पेन घेतलं. रीडिंगच्या रकान्यात 'तीन' लिहिलं आणि सही केली.

हिलरी शिक्क्याची शाई आणायला ऑफिसात गेला, तेवढ्यात श्रीरंगने झाडूवाल्या धोंडूबाईला पॅलेटच्या थप्पीमागे पाठवलं. लाकडाची साल पडलेली दिसली तरी तपासणीत अडवतात, म्हणून. धोंडूबाई कामण गावातली, पन्नाशीची. ती उकिडवी बसून पॅलेटच्या खालून साल ओढून काढत राहिली. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगतच साठून राहतो.

पाऊण तासाने ती भिंतीला धरत बाहेर आली.

"हिलरीदादा, डोकं गरगरतंय. पानी दे."

हिलरीने तिला मोकळ्या हवेत बसवलं, पाणी दिलं. थोड्या वेळाने ती बरी वाटली, हसलीसुद्धा. "दवाखान्यात चल," तो म्हणाला, पण ती घरी गेली. ट्रक बारालाच निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला फिट्स आल्या. वसईच्या इस्पितळात डॉक्टर मिरगीचं औषध देत होते. हिलरीने गॅसचं नाव कागदावर लिहून त्यांच्या हातात ठेवलं. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं.

"याच्यावर उतारा नाही," ते म्हणाले. "वाट बघायची."

तीन आठवड्यांनी धोंडूबाई घरी आली. जिवंत होती, पण पाय टाकील तिथे पडत नव्हते, हात थरथरत होते, आणि बोलताना एकेक शब्द ओढून आणावा लागत होता.

परवाना देणाऱ्या खात्याचे अधिकारी चौकशीला आले. त्यांनी वही उघडली. श्रीरंग खिडकीकडे बघत उभा होता.

"तीन हा आकडा खोटा आहे," हिलरी म्हणाला. "मीटर नव्हता. मी मनाने लिहिला."

"कोणी सांगितलं म्हणून?"

हिलरीने श्रीरंगकडे पाहिलं. "सही माझी आहे."

"परवाना जाईल तुमचा."

"जाऊ दे. पण त्या बाईचं काय?"

अधिकाऱ्याने चष्मा काढून पुसला. "हे बघा, आम्ही बघतो ते लाकडात कीड जिवंत राहिली का. माल तिकडे पास झालाय, तक्रार नाही. माणसांचं खातं वेगळं आहे. तिथे अर्ज करा."

त्याने अर्ज केला. उत्तर आलं की धोंडूबाई कंत्राटदाराची कामगार, आणि कंत्राटदाराकडे तिचं नावच नाही. हिलरीचा परवाना गेला. त्याच्या जागी आठवड्यात दुसरा माणूस आला.

फेब्रुवारीत एका दुपारी तो धोंडूबाईच्या घरी गेला. सून तिला चमच्याने पेज भरवत होती. हिलरी दारातच बसला आणि त्याने सगळं सांगितलं. मीटर, वही, आकडा.

धोंडूबाईने सुनेचा चमचा हाताने बाजूला सारला.

"सही… केली नसतीस… तर?"

"ट्रक थांबला असता."

"आनि?"

"एवढंच. ट्रक थांबला असता."

सुनेने चमचा वाटीत ठेवला. धोंडूबाईचा हात मांडीवर थरथरत होता. तिने तो दुसऱ्या हाताने दाबून धरला, तर दोन्ही थरथरायला लागले.

"दादा," ती म्हणाली, "परत… येऊ नको."

हिलरी उठला. चपला घालताना त्याला पट्टा सापडेना. सुनेने वाकून तो सरळ करून दिला आणि दार लोटून घेतलं.