आजीच्या उशाला राज्यपालांची पाटी

मी पाटी बोलतेय. माझ्यावर कुणी विश्वास ठेवायला नको होता, तर सगळ्यांनी ठेवला. आणि जी बाई खरं बोलत होती, तिच्यावर एकानेही नाही. आता मला कोठीत, भिंतीकडे तोंड करून उभं केलंय. चौकशीच्या कागदावर लिहिलंय, "पाटीमुळे दिशाभूल झाली." वा रे वा! जशी काही मी स्वतःच्या पायांनी चालत तिथे गेले होते.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात. वितळलेलं पितळ साच्यात ओतलं, कानशीने कडा घासल्या. "माजी राज्यपाल येथे चिरविश्रांती घेत आहेत." म्हातारा ओतारी एकेका अक्षरावरून बोट फिरवत होता. त्याचं काम चोख. त्याला कुणी बोललात तर याद राखा.

राज्यपालांचं थडगं दफनभूमीत पार मागे, काटेरी झुडपांत. दुसऱ्या दिवशी उद्घाटन, आणि तिथे पाहुण्यांच्या खुर्च्या मावेनात. स्मारक खात्याच्या साहेबाने घड्याळ पाहिलं आणि फाटकाजवळच्या मातीच्या उंचवट्याकडे बोट केलं.

"तात्पुरती इथे लावा. कार्यक्रम झाला की मागे न्या."

कबरी खणणारा म्हणाला, "साहेब, इथे बाई आहे. राज्यपालांच्या घरची स्वयंपाकीण."

"मग काय, ओळखीतलीच की! रागावणार नाही."

सगळे फिदीफिदी हसले. माझ्या दोन्ही पायांभोवती सिमेंट ओतलं. तात्पुरतं सिमेंट कधी पाहिलंय तुम्ही?

फीत कापली, फोटो निघाले, माणसं पांगली. मी अकरा वर्षं तिथेच. शाळेतली पोरं मला वहीत उतरवून घ्यायची. माणसांची खोडच ती. पितळेवरची अक्षरं दिसली की अक्कल गहाण.

त्या स्वयंपाकिणीची नात दर महिन्याला यायची. उंचवट्याला टेकून आजीशी बोलायची. मी लागल्यापासून पहारेकरी तिला हाकलू लागला.

"बाई, उठा. मोठ्या माणसाच्या थडग्याला टेकता?"

"मोठा माणूस गेला खड्ड्यात! माझी आजी आहे ही. आईने खूण म्हणून पायथ्याशी तिचा लोखंडी बत्ता पुरलाय. उकरून बघ."

"पाटी वाचता येते ना?"

"येते. चौथी शिकलेय. तुझी पाटी खोटी!"

खोटीच होते मी. ओरडून सांगितलं असतं, पण अंगावर दुसरंच लिहिलेलं. मुकी असते तर बरं झालं असतं. मग ती वाटेपलीकडे, भर उन्हात, आजीकडे तोंड करून बसायची.

गेल्या महिन्यात नळासाठी चर खणला. माझ्या पुढ्यात कुदळ खणकन वाजली. गंजलेला बत्ता वर आला. वाटेपलीकडून नात धावत आली, तिने तो हाताने पुसला, छातीशी धरला.

कबरी खणणारा म्हणाला, "मी तेव्हाच सांगितलं होतं, पोरी."

"एकदाच सांगितलंत, काका."

त्याने कुदळ उचलली. मला उपटलं. चौकशी नेमली, आणि तिच्यावर बसवलं कुणाला? त्याच साहेबाला! दिशाभुलीच्या कागदावर त्याचीच लफ्फेदार सही.

ऐका आता. मला वितळवा. त्या ओताऱ्याकडे न्या आणि आजीचं नाव ओतून तिच्या उशाला लावा. पितळ उरेल थोडं. त्यात बारीक अक्षरांत चूक कुणाची तेही ओता. खरं नाव कशाला? अख्खं कार्यालय त्याला पाठीमागे ज्या नावाने ओळखतं, तेच घाला: तात्पुरतेसाहेब.