तोंडलीचं मूळ

नेरूळच्या त्या बिल्डिंगीत कुणाला फोडणीला कढीपत्ता लागला, की पोर धाडायचं ते तळमजल्यावर, गोजराबाईकडं. घराची मागची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये दोन हात रुंदीची पट्टी, तीही मुरमाच्या भरावाची. तिथं म्हातारीनं अळू लावलं, गवती चहा लावला, शेवगा लावला आणि त्याच्या फुलांची भाजी वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनासुद्धा खायला शिकवली. दर साल बी पेरत बसणं तिला पटत नसे. एकदा लावलं की आपलं आपण येत राहिलं पाहिजे, असलीच झाडं ती साताऱ्याकडून पिशवीत घालून आणायची. तोंडलीचा वेलही असाच आला, बोटभर काडी. दोन वर्षांत त्यानं कंपाउंड झाकून टाकलं.

आणि सगळं खापर त्या वेलावरच फुटलं.

कसलं खापर, ते सांगायला हवं. गोजराबाईचा नातू स्वराज साडेतीन वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलत नव्हता. डावा हात मुठीत आवळलेला, तोंडातून लाळ. बाप जोतीराम, मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहणारा माथाडी. आई विजयमाला. तिनं पोरासाठी दवाखाने पालथे घातले, अंगारेधुपारे केले. मग एके दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या वैजयंतीबाई जिन्यात म्हणाल्या, "स्वराजच्या वेळी तुला तोंडलीचे डोहाळे होते ना गं? रोज खायचीस. तोंडलीनं बुद्धी मंद होते म्हणतात." बाई वाईट नव्हती, पण जिभेला हाड नव्हतं. विजयमालानं त्याच दुपारी विळा घेतला आणि वेल तळापासून कापला.

गोजराबाई नुसती बघत राहिली. खरं काय ते तिला ठाऊक होतं. तिला आणि जोतीरामाला, बस्स.

स्वराज तेव्हा आठ महिन्यांचा. विजयमाला रॉकेलच्या रांगेत गेलेली. जोतीराम पाळी संपवून आला होता, खुशीत होता, पोराला वर उडवून झेलत होता. पोरगं खिदळत होतं. भरली गोणी पाठीवर तोलणारा गडी, पण हात घामेजलेले. पोर सुटलं ते डोक्यावरच, शहाबादी फरशीवर. रडलं, दोनदा ओकलं, झोपलं. टेंगूळ आलं त्यावर गोजराबाईनं हळद लावली आणि सुनेला सांगितलं, मुंगळा चावला. "आये, हिला बोलू नगंस," म्हणत जोतीराम लेकरागत रडत होता. आईचं काळीज, ती हो म्हणाली. त्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं तर? हे तिनं स्वतःला किती वेळा विचारलं असेल, आणि दर वेळी तिला स्वतःचीच किळस आली.

पुढं मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलंच, "तान्हा असताना कधी डोक्यावर पडला होता का?"

"न्हाई वो," विजयमाला छातीठोकपणे म्हणाली. "आत्याबाई असत्यात घरी. खाली ठिवत न्हाईत त्याला."

आत्याबाई म्हणजे सासू, गोजराबाई. ती शेजारीच बसली होती. तिनं पदरानं स्वराजची लाळ पुसली.

म्हणून वेल कापला गेला तेव्हा तिला वाईट वाटलं आणि, खोटं कशाला बोला, हायसंही वाटलं. मुकी वस्तू, घेईना का आळ. पण तोंडली ती, अशी जाते होय? पंधरा दिवसांत मुळापासून कोंब वर. विजयमालानं पुन्हा कापला, उकळतं पाणी ओतलं, मीठ टाकलं. शेजारचा कढीपत्ता वाळला, अळू जळालं. महिना गेला की वेल आपला हजर.

मग तिला दुसऱ्यांदा दिवस गेले, आणि गोजराबाईची झोप उडाली. आता हेही पोर त्याच हातांत येणार. सांगावं तर लेकाचा संसार मोडतो, न सांगावं तर हे दुसरंही लेकरू. आज सांगू, उद्या सांगू करता करता विजयमाला बाळंतपणाला माहेरी गेली. मुलगी झाली, तेजश्री. तीन महिने झाले तरी सून परत येईना. वैजयंतीबाईंच्या फोनवर तिचा निरोप आला: त्या वेलाचं मूळ खणून काढल्याबिगर मी लेकीला घेऊन त्या घरात पाऊल टाकायची न्हाई.

जोतीरामानं खाडा केला आणि पहार घेतली. भराव फोडता फोडता दुपार झाली. शेवग्याची मुळं आडवी आली, तीही तोडली. शेवटी गड्डा निघाला, मनगटाएवढा. त्यानं तो भिंतीवर आपटला.

"हिनंच वाटोळं केलं बघ, आये, माज्या पोराचं."

डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. गोजराबाईला आधी वाटलं, बोलण्यापुरतं बोलतोय. पण चेहऱ्यावर लबाडी नव्हती. घरात उठताबसता तोंडली, तोंडली ऐकून त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं. फरशी विसरला होता तो. तिला राग आला नाही, भीती वाटली.

दोन दिवसांनी विजयमाला आली. आधी मागं जाऊन खड्डा पाहिला, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला. किती दिवसांनी हसली बिचारी. "घ्या, लेक घ्या तुमची," म्हणत तिनं बाळ जोतीरामाच्या हातात दिलं. स्वराज कोपऱ्यात मूठ चोखत बसला होता. जोतीरामानं लेकीचा मुका घेतला आणि दोन्ही हातांनी तिला डोक्याच्या वर उचललं. "कोन आलं गं, कोन आलं?"

"जोती, खाली दे तिला," गोजराबाई म्हणाली.

"खेळवतोय, आये."

"तवाबी खेळवतच व्हतास." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "विजे, पोर काढून घे त्याच्या हातातनं. तोंडलीनं काय झालं न्हाई. स्वराज पडला व्हता, ह्याच्या हातातनं, हितंच. डोक्यावर. मुंगळा चावला म्हनून म्या तुला खोटं सांगितलं."

जोतीरामाचे हात तसेच वर राहिले. विजयमालानं बाळ काढून घेतलं. नवऱ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"डॉक्टरनं इचारलं तवा तुमी माज्या शेजारी बसला व्हता, आत्याबाई."

"व्हय."

"आन् मी म्हनलं, आत्याबाई खाली ठिवत न्हाईत त्याला."

"व्हय," गोजराबाई म्हणाली.

विजयमालानं बाळ छातीशी धरलं, दुसऱ्या हातानं स्वराजची आवळलेली मूठ धरून त्याला उठवलं आणि दारातल्या चपला पायात सरकवल्या.