दाराखालची फट

दर श्रावणात आक्काताईंच्या घराची फरशी फुगून वर यायची आणि पुढचं दार अडकून बसायचं. खालची काळी माती एकदा पाणी प्यायली की कुणाच्या बापाला ऐकत नाही, हे सांगलीजवळच्या त्या गावात शेंबडं पोरही जाणून होतं. मग बिरदेव सुतार यायचा आणि दार खालून रंध्यानं तासून जायचा. यंदा मात्र पुण्याच्या मुलानं, सम्मेदनं, निर्वाणीचं सांगितलं होतं, "दार अडकलं की गाडी घेऊन येतो. आता एकटं राहायचं न्हाई." आक्काताईंना पुण्याचा चौथा मजला नुसता आठवला तरी जीव घुसमटायचा.

उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीतली प्रियंका आली. साताऱ्याला इंजिनिअरिंग शिकलेल्या या पोरीनं त्यांच्या गल्लीतल्या बुद्धविहाराखालची माती चुना कालवून थोपवली होती. तिनं काचेच्या दोन पेल्यांत काळी माती भिजत घातली, त्यातल्या एकात चुना मिसळला. दुसऱ्या दिवशी नुसती माती काठापर्यंत फुगली होती. चुन्याची गप बसली होती.

"फरशी काढून दोन फूट उकरू. चुना कालवून मुरवू, मग धुमसानं ठोकून बसवू," प्रियंका म्हणाली.

आक्काताई हरखल्या आणि लगेच अडल्या. "आगं, पर मातीतल्या मुंग्या? भाजून मरतील की."

गवंडी आकाराम हसला. "आवं, मुंग्यांस्नी नोटीस धाडू व्हय?"

"मी धाडते."

फरशी निघाल्यावर त्यांनी परसापर्यंत कणीक-साखरेची रेघ ओढली आणि काम तीन दिवस थांबवलं. आकाराम कपाळाला हात लावून बसला. प्रियंका मात्र रोज सकाळी मुंग्या कुठवर गेल्या ते बघून जायची, आणि तेवढ्यावरच ती आक्काताईंच्या मनात भरली. चौथ्या दिवशी चुना पडला.

नवी फरशी बसली तेव्हा दाराखाली दोन बोटं फट राहिली. वर्षानुवर्षं तासून दारच आखूड झालं होतं.

"ऱ्हाऊ द्या," बिरदेव म्हणाला. "श्रावणात जमीन वर आली की बुजंल."

श्रावण लागला, ओढे भरून वाहिले. आक्काताई रोज फटीत दोन बोटं घालून बघायच्या. बोटं जायची. भाद्रपद सरला तरी जात होती. त्या दिवशी त्या दाराशीच बसून पोटभर रडल्या.

सम्मेदचा फोन आला. "आई, दार अडकलं का?"

"न्हाई रं. खालच्या फटीतनं मुंग्या परत घरात याय लागल्यात. बिरदेवला बोलीवलंय."

"परत तासायला?"

"न्हाई बाळा. दाराला खालनं पट्टी जोडायला."